सुई हाती धरण्याआधी

आपल्या अमरावती-अकोल्यात टॅटूचं दुकान उघडायला परीक्षा द्यावी लागत नाही. मोटारसायकल चालवायला लायसन्स लागतं, औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट लागतो, आलुबोंड्याच्या गाडीलाही अन्न परवान्याची नोंदणी लागते. माणसाच्या कातडीत सुई घालणाऱ्याला मात्र ‘तुला हे काम येतं का?’ असं विचारणारं सरकारी टेबल नाही. नव्या पोरांना ही सोय वाटते. मी उभं आयुष्य याच कामात काढलं. आधी घरच्या सराफी पेढीवर कान-नाक टोचले, मग मशीन शिकलो. मला यात जोखीमच दिसते. जिथं कोणी परीक्षा घेत नाही तिथं ती आपणच आपली घ्यायची असते, आणि कडक घ्यायची असते. वडिलांनी मला जे कानात सांगितलं आणि पुढं मी जे शिकलो, ते बेटा, तुझ्यासाठी इथं लिहून ठेवतो.

जगात काय चाललंय ते माहीत असू दे

अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात टॅटूचा परवाना हवा तर किमान 360 तासांचं शिक्षण पूर्ण करावं लागतं आणि परीक्षाही द्यावी लागते. कॅलिफोर्नियात 2012 पासून कायदा आहे. रक्तातून पसरणाऱ्या रोगांबद्दलचं प्रशिक्षण तिथं दरवर्षी नव्यानं घ्यावं लागतं. दक्षिण कोरियात तर 1992 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं टॅटू काढणं हे डॉक्टरचं काम ठरलं होतं, त्यामुळे बाकीचे सगळे आर्टिस्ट चोरून काम करायचे. सप्टेंबर 2025 मध्ये तिथल्या संसदेनं नवा कायदा केला. आता राष्ट्रीय परीक्षा पास होणाऱ्याला परवाना मिळेल, आणि अंमलबजावणीला दोन वर्षांची मुदत आहे. जपानच्या सर्वोच्च न्यायालयानंही 2020 मध्ये सांगितलं की टॅटू हा वैद्यकीय व्यवसाय नाही.

हे सांगतो ते एवढ्यासाठी की वारं कुठल्या दिशेनं वाहतंय ते तुला कळावं. 2025 मध्ये कर्नाटक सरकारनं टॅटूच्या शाईचे नमुने तपासले आणि शाईला नियम लावा म्हणून केंद्राकडे आग्रह धरला. नियम आज ना उद्या आपल्याकडेही येतील. त्या दिवशी तुझी धावपळ होऊ नये.

कागद पूर्ण कर, पण कागद म्हणजे हात नव्हे

पहिला कागद गुमास्त्याचा. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे कमी कामगार असलेल्या लहान दुकानानं धंदा सुरू केल्यापासून 60 दिवसांत ऑनलाइन सूचना द्यायची असते. तिची पोच मिळते, ती भिंतीवर लाव. दुसरा कागद व्यवसाय कराच्या नोंदणीचा. हा कर वर्षाला 2,500 रुपये पडतो. तिसरी उद्यम नोंदणी, ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते; त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नको. जीएसटीची वेळ सेवा-व्यवसायात वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की येते. आणि महापालिकेच्या परवाना विभागात स्वतः जा. दुकानात नेमकं काय करणार ते अर्जात सरळ लिही, ‘ब्युटी पार्लर’ असं मोघम लिहू नको. अर्जाची शिक्का मारलेली पोच जपून ठेव.

एवढं झालं की धंदा कायदेशीर झाला. पण यातला एकही कागद तुझ्या हाताबद्दल काही सांगत नाही. खाजगी क्लासचं प्रमाणपत्रही तसंच पारखून घे. क्लास लावण्याआधी विचार: ऑटोक्लेव्ह शिकवता का? रक्तातले रोग शिकवता का? माझ्याकडून जिवंत माणसावर किती काम करून घ्याल, आणि ते करताना शेजारी कोण उभं असेल? ज्या क्लासात फक्त शेडिंग आणि इन्स्टाग्राम शिकवतात, तिथं अर्धाच धंदा शिकवतात.

माझी परीक्षा अशी असते

माझ्याकडे शिकायला आलेल्याला मी मशीन देण्याआधी तोंडी प्रश्न विचारतो. तूही स्वतःला विचार, आणि अडखळलास तर अजून गिऱ्हाईक बसवू नको.

कातडीचे थर कोणते आणि शाई कुठं बसते? वरचा थर महिन्याभरात झडून नवा येतो, म्हणून शाई त्याच्या खालच्या थरात, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोलीवर बसली पाहिजे. उथळ गेली तर उडते, खोल गेली तर रेषा फुटून निळसर पसरते आणि व्रण राहतो. मनगटाची कातडी आणि दंडाची कातडी सारखी नसते, मग हात कुठं हलका करशील?

हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही यांत सुईतून सगळ्यात सहज कोण पसरतं? पोरं लगेच एचआयव्ही म्हणतात. बाधित रक्ताची सुई टोचली तर एचआयव्हीची लागण हजारात साधारण तिघांना होते. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बीची लागण शंभरात तिसांपर्यंत जाऊ शकते. तो विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस तग धरतो. म्हणून टेबलावरचा न दिसणारा डाग दिसणाऱ्या डागापेक्षा वाईट.

सफाई, निर्जंतुकीकरण आणि जंतुनाशक पुसणं यांत फरक काय? गिऱ्हाईक घेरी येऊन पडलं तर पहिल्या मिनिटात काय करशील? हातमोजे घालून मोबाइल उचललास तर पुढं काय? (मोजे बदलायचे, आणि मोबाइलही पुसायचा.)

मग हाताची परीक्षा. आधी कृत्रिम कातडीवर सरळ रेषा, गोल, बारीक देवनागरी अक्षरं. आपल्याकडे निम्मी गिऱ्हाइकं ‘आई’, ‘बाबा’, नाहीतर गजानन महाराजांचं नाव काढायला येतात. रफार, वेलांटी, अनुस्वार चुकला तर तो आयुष्यभर चुकलेला राहतो. स्टेन्सिल लावण्याआधी अक्षरं कागदावर लिहून गिऱ्हाइकाकडून वाचून घे आणि त्याच कागदावर त्याची सही घे. स्टेन्सिल लागल्यावर आरशात दाखव आणि पुन्हा वाचून घे.

आधी तुझी लस, मग तुझं गिऱ्हाईक

हिपॅटायटिस बीची लस तीन वेळा घ्यायची: आज, महिन्यानं आणि सहा महिन्यांनी. धनुर्वाताचं इंजेक्शनही वेळेवर असू दे. मदतनीस आणि झाडू मारणारी बाई, दोघांनाही हीच लस दे, कारण सांडलेली सुई तिच्या हाताला लागते, तुझ्या नाही.

तरी सुई टोचलीच तर बोट पिळू नको आणि तोंडात घालू नको. वाहत्या पाण्याखाली साबणानं धू आणि लगेच सरकारी दवाखाना गाठ. अमरावतीत इर्विन, अकोल्यात सर्वोपचार. एचआयव्ही रोखणारी औषधं पहिल्या काही तासांत सुरू झाली तर सगळ्यात चांगलं; 72 तास उलटले की उपयोग राहत नाही. ‘उद्या पाहू’ हे दोन शब्द अशा वेळी बोलायचे नाहीत. माहिती हवी असेल तर 1097 ही सरकारी हेल्पलाइन आहे.

आणि एक गोष्ट पक्की कर. कोणी एचआयव्हीबाधित आहे म्हणून त्याला परत पाठवायचं नाही. 2017 च्या कायद्यानं तो भेदभाव ठरतो. समोर बसलेल्या प्रत्येकाचं रक्त बाधित असू शकतं असं धरून काम केलं की कोणाला वेगळं वागवायची गरजच राहत नाही.

वाफेचं गणित

पेढीवर वडील सुई दिव्यावर धरत आणि मग कडुलिंबाच्या पाण्यात बुडवत. त्या काळी तेवढंच हाताशी होतं. आज तुझ्याकडे ऑटोक्लेव्ह आहे, तर दिव्याचं नाव काढू नको. 121 अंश सेल्सिअस, 15 पौंड दाब आणि पाकिटात बांधलेल्या अवजारांना पूर्ण 30 मिनिटं. घड्याळ तापमान गाठल्यावर सुरू होतं, बटण दाबल्यावर नाही. पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदलला म्हणजे उष्णता लागली एवढंच कळतं. जंतू खरंच मेले का ते बघायला बीजाणूंची चाचणी असते, ती ठरावीक दिवसांनी करून घे आणि निकाल वहीत चिकटव. निळ्या दिव्याची पेटी अवजारं ठेवायला ठीक आहे, पण ती निर्जंतुक करत नाही. पाण्यात उकळूनही बीजाणू मरत नाहीत.

आपल्या भागाची दोन दुखणी आहेत. पहिलं, लाइन जाते. फेरी चालू असताना मध्येच लाइन गेली तर ती फेरी रद्द समज, उरलेली मिनिटं पुढं जोडू नको. पाकिटं बाहेर काढून नव्या पाकिटात भर आणि पहिल्यापासून लाव. दुसरं, आपलं पाणी. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा तुला ठाऊक आहे. दर्यापूर-अकोट भागातल्या विहिरीचं पाणी ऑटोक्लेव्हमध्ये ओतलंस तर काही महिन्यांत आत पांढरा थर बसतो, तापमान नीट गाठत नाही आणि काटा मात्र बरोबर दाखवतो. डिस्टिल्ड पाणीच वापर. बॅटरीच्या दुकानात मिळणारं चालवून घेऊ नको, सर्जिकलवाल्याकडून आण.

कार्ट्रिज एकदाच वापरायचं. गिऱ्हाइकासमोर पाकीट फोड, तारीख दाखव, काम झाल्यावर त्याच्यासमोरच डब्यात टाक. शाई छोट्या टोपीत ओतून घ्यायची, उरली तर फेकायची. उरलेली शाई बाटलीत परत ओतणारा माणूस हा धंदा करायला लायक नाही. शाईच्या बाटलीवर कंपनी, बॅच नंबर आणि मुदत छापलेली असली पाहिजे. खुल्या बाजारात स्वस्तात मिळणारी बिननावाची लाल-पिवळी शाई घेऊ नको, कारण लाल रंगाची अ‍ॅलर्जी वर्षानंतरही उठते. युरोपियन संघानं जानेवारी 2022 पासून टॅटूच्या शाईतली हजारो रसायनं मर्यादित केली. तिथली नियमावली पाळणारी शाई मागवली तर निदान कोणती कसोटी लावलीय हे तरी कळतं.

कान-नाक टोचताना

सोनाराने कान टोचलेले बरे, असं आपल्याकडे म्हणतात. म्हणजे ज्याचं काम त्यानंच करावं. तो मान टिकवायचा तर सोनारानंही शिकत राहिलं पाहिजे.

टोचायची गन कानाच्या पाळीपुरतीही मला पसंत नाही, आणि कूर्चेला तर तिचा स्पर्शही नको. गन स्टड ठोकून घालते. कूर्चेला रक्तपुरवठा कमी, ती चिरडली आणि त्यात जंतू शिरले की कानाचा आकारच बिघडतो. बुगडीसाठी किंवा भिकबाळीसाठी कानाच्या वर टोचायचं असेल तर पोकळ, एकदाच वापरायची, पाकीटबंद सुई घे. शिवाय प्लॅस्टिकची गन ऑटोक्लेव्हमध्ये जात नाही, वरून पुसून ती शुद्ध होत नाही.

आधी पेनानं खूण कर, मग मुलीला समोर सरळ बसवून दोन्ही खुणा डोळ्यांच्या रेषेत आहेत का बघ. आई मागं उभी राहून बघते, तिला पुढं बोलाव. माझे वडील म्हणत, “हात थरथरला तं सुई ठेवून दे. गिऱ्हाईक उद्या येते, कान दुसरा येत नाही.” अजून तसं वाटलं तर मी सुई ठेवतो.

पहिला दागिना साधा, गुळगुळीत आणि सूज येईल एवढी जागा ठेवणारा असावा. वैद्यकीय टायटॅनियम सगळ्यात बरं. सोनं हवंच असेल तर चांगल्या कॅरेटचं, निकेल नसलेलं. इथं लोक हॉलमार्क विचारतात. त्यांना खरं सांग की दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्क सक्तीचा नाही, त्यामुळे नाकातल्या चमकीवर तो बहुधा नसतो. म्हणून दुकान ओळखीचं असावं आणि पावती घ्यावी. पाळी बरी व्हायला सहा ते आठ आठवडे, कूर्चेला तीन महिने ते वर्ष, बेंबीला सहा महिने ते वर्ष. हे आकडे टोचण्याआधी सांग, नंतर नाही.

वय, शुद्ध आणि पोट

18 वर्षांखाली टॅटू नाही. आई सोबत आली तरी नाही. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 25 संमतीनं झालेल्या इजेला गुन्ह्यातून सूट देतं, पण ती संमती 18 वर्षांवरच्या माणसाची हवी. ओळखपत्र बघ, त्यावरची जन्मतारीख वहीत उतरव. विद्यापीठात शिकतो असं सांगणारी निम्मी पोरं अकरावी-बारावीतली असतात. लहान मुलीचे कान टोचायचे असतील तर आई किंवा वडील समोर हवेत आणि त्यांची सही हवी. आजीनं हट्टानं आणलेलं बाळ तापलेलं असेल तर ‘आठ दिवसांनी आणा, माय’ असं सांगून परत पाठव.

दारू प्यायलेल्याला बसवू नको. श्रावणात विशेष लक्ष ठेव. अकोल्यात कावड यात्रेच्या आधी महादेव, त्रिशूळ, डमरू काढायला पोरांची रांग लागते, आणि त्यातले कितीतरी उपाशी असतात, कोणाचा तर निर्जळी सोमवार असतो. उपाशी पोटी माणूस खुर्चीतच पांढरा पडतो. “काही खाल्लं काय?” हा माझा पहिला प्रश्न असतो. “उपास हाय दादा” असं म्हणाला तर त्याला सांगतो, “तं मंगळवारी ये, तुले कोणी पळवून नेत नाही.” कोणी पडलंच तर आडवं कर, पाय उंच कर, मान सैल कर, आणि शुद्धीवर आल्यावरच साखरपाणी दे.

मग हे प्रश्न, एकेक करून: मधुमेह आहे का? रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? जुन्या जखमेवर जाड गाठीसारखा व्रण उठतो का? पुटकुळ्यांवरची आयसोट्रेटिनॉइनची गोळी गेल्या सहा महिन्यांत घेतली का? सिकलसेल आहे का? हा शेवटचा प्रश्न विदर्भात कधी सोडायचा नाही. बाई गरोदर असेल तर आज नाही. जिथं शंका वाटेल तिथं डॉक्टरची चिठ्ठी माग.

भरतीचं पोर आलं तर

हा मंत्र मी सगळ्यांत जास्त वेळा सांगतो, कारण यात चुकलं तर पोराची वर्षानुवर्षांची धाव वाया जाते. सकाळी मैदानावर पळणारी आपली पोरं संध्याकाळी उत्साहात टॅटू काढायला येतात. मशीन लावण्याआधी विचार, “भरतीची तयारी करतो काय?”

सैन्यात कायमचा टॅटू फक्त कोपराच्या आतून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूला चालतो. दंडावर, मानेवर, छातीवर असला तर उमेदवार बाद होऊ शकतो. निमलष्करी दलांच्या भरतीत आणखी बारकावे आहेत: डाव्या हाताच्या आतली बाजू, कारण उजव्या हातानं सलाम करतात, धार्मिक चिन्ह किंवा नाव चालतं, आकार त्या भागाच्या पाव हिश्शाहून कमी हवा. आदिवासी समाजाच्या उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे असलेल्या गोंदणासाठी सैन्यात सवलत आहे. मेळघाटातल्या कोरकू-गोंड पोरांना ही गोष्ट आवर्जून सांग, कोणी घाबरून जुनं गोंदण ॲसिडनं जाळायला जाऊ नये. नियम बदलतात, म्हणून पोराला त्याच्या भरतीची ताजी जाहिरात घेऊन यायला सांग आणि दोघं मिळून वाचा. वाचून झाल्यावर टॅटू रद्द करावा लागला तर लागला. ते पैसे आपले नव्हतेच.

रक्तदान करणाऱ्यांनाही सांग: टॅटू किंवा टोचण झाल्यावर वर्षभर रक्त देता येत नाही. ज्याच्या घरी कोणाला नेहमी रक्त लागतं, त्याला हे आधी कळलं पाहिजे.

यात्रेतलं टेबल

बहिरमच्या यात्रेला थंडीत महिनाभर माणूस लोटतो. अशा यात्रेत गोंदणाऱ्याचं टेबल पूर्वीपासून असतं. एक मशीन, एक सुई, एक शाईची वाटी, आणि दिवसभर येणारे हात. गोंदणाची परंपरा मला प्रिय आहे. दागिने अंगावरून उतरतात, गोंदण सोबत येतं, हे म्हाताऱ्या बायांचं बोलणं मी लहानपणापासून ऐकलं. त्या परंपरेचा मान राखायचा तर तिला एका सुईनं शंभर माणसं टोचण्यापासून सोडवलं पाहिजे.

तू यात्रेत टेबल लावणार असशील तर दिवसभराला पुरतील एवढी पाकीटबंद कार्ट्रिजं, मोजे, रॅप आणि सुयांचा डबा बरोबर ने. साठा संपला की टेबल बंद. धुळीत मोठं काम घेऊ नको. शेजारच्या टेबलवाल्याशी भांडू नको. त्याला तुझ्याकडची चार कार्ट्रिजं दे, वापरायची कशी ते दाखव. धंद्याची बदनामी झाली तर ती दोघांच्याही दुकानावर येते.

कचरा आणि सांडलेलं रक्त

वापरलेली सुई, ब्लेड, कार्ट्रिज पांढऱ्या, न फुटणाऱ्या, झाकणाच्या डब्यात. रक्त लागलेला कापूस पिवळ्या पिशवीत. मोजे आणि प्लॅस्टिक लाल पिशवीत. जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांचे हे रंग आहेत. डबा तीन चतुर्थांश भरला की बंद कर. सुईला पुन्हा टोपण घालू नको, वाकवू नको. घंटागाडीत यातलं काही टाकायचं नाही, कारण तो कचरा वेगळा करणारी माणसं उघड्या हातानं काम करतात. जैववैद्यकीय कचरा उचलणाऱ्या यंत्रणेशी करार कर. चौकशीला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कार्यालय अमरावतीत आहे. सांडलेल्या रक्तावर एक टक्का सोडियम हायपोक्लोराइट ओतून दहा मिनिटं थांब आणि मगच पूस. द्रावण रोज ताजं कर.

गाडगेबाबा आपल्याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे. गाव झाडून मगच कीर्तनाला उभं राहणाऱ्या माणसाच्या मुलखात आपलं दुकान आहे, एवढं ध्यानात ठेवलं तरी हात आपोआप झाडूकडे जातो.

घरी पाठवताना

काळजीचा कागद मराठीत छाप आणि तोंडीही सांग. अकोल्याच्या मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. तेव्हा मोठं काम घेऊच नको, घामानं आणि उन्हानं ताजी शाई खराब होते. घ्यावंच लागलं तर सैल सुती बाही घालायला सांग. नळ रोज येत नाही, तेव्हा टाकीतलं चार दिवसांचं पाणी ताज्या जखमेला लावू नये. उकळून गार केलेलं पाणी आणि साधा साबण. टोचलेल्या जागेला मेडिकलमधून आणलेलं सलाइन.

हळद, खोबरेल तेल, टूथपेस्ट, राख, यातलं काही नको. आजी रागावेल, तिला सांग, कढीत हळद घाला, कानाला नको. कडुलिंबाची काडी भोकात घालायची जुनी रीत आहे, पण तीही निर्जंतुक नसते. शेतकरी पोरगा असेल तर फवारणीच्या दिवसांत हातावर ताजा टॅटू काढून पाठवू नको. दोन-तीन आठवडे फवारणीला जायचं नाही हे कबूल करवून घे, नाहीतर हंगाम संपल्यावर बोलाव. लाली पसरत चालली, ताप आला, पू झाला, लाल रेघ वर चढायला लागली तर थेट डॉक्टर. ‘आधी मला फोटो पाठव’ असं सांगून त्याचा वेळ खाऊ नको.

वही लिही

शेवटचा मंत्र हाच, आणि मला विचारशील तर पहिलाही हाच. पानं मोजून शिवलेली जाड वही घे. प्रत्येक गिऱ्हाइकाची एक ओळ: तारीख, नाव, वय, कोणतं ओळखपत्र पाहिलं, शरीरावरची जागा, कार्ट्रिजचा आणि शाईचा बॅच नंबर, कोणत्या फेरीत निर्जंतुक केलेली अवजारं, सही. दुसऱ्या बाजूला ऑटोक्लेव्हच्या फेऱ्या, बीजाणूंच्या चाचण्या, लसीच्या तारखा, कचऱ्याच्या पावत्या. गिऱ्हाइकाची माहिती कपाटात कुलूपबंद, ती कोणाला दाखवायची नाही.

कोणाला त्रास झाला तर याच वहीतून कळतं की शाईची कोणती बाटली बाजूला काढायची आणि तीच शाई लागलेल्या आणखी कोणाला फोन करायचा. ग्राहक आयोगात उभं राहायची वेळ आली तर तुझ्या बोलण्यापेक्षा ही वही जास्त बोलते. आणि कोरियासारखी परीक्षा उद्या महाराष्ट्रात आली, परवान्यासाठी अनुभवाचा पुरावा मागितला, तर तुझ्याकडे तो पहिल्या दिवसापासूनचा, तुझ्या हातचा असेल. वही आजच घे, पहिल्या पानावर तुझ्या लसीची तारीख लिही, आणि ती लिहिता येत नसेल तर मशीन अजून पेटीतच राहू दे.